वर्षं किती झाली, की येतं काय?

(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शिक्षणतज्ज्ञ नाही. मला इथं ‘करिअर’वर बोलायला सांगितलं होतं. पण करिअरवर बोलणारे मोबाइलवर शेकड्यांनी सापडतात, त्यात माझी भर नको. मी कॉलेजच्या आत काय बदलतंय यावर बोलणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण आज कॉलेजात आहेत. तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत, प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर काही नवे शब्द आलेत: सीओ, पीओ, अध्ययन निष्पत्ती, क्षमता, क्रेडिट. बहुतेक जण ते पान उलटून थेट पहिल्या धड्याकडे जातात. माझं म्हणणं असं की ते पान आपल्या कामाचं आहे, आणि ज्याच्या पाठीशी ना ओळख ना वशिला, त्याच्या तर फारच कामाचं आहे.

आधी एक साधा प्रश्न. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी १०० पैकी ४० मार्कांना पास करतात. समजा, तुमच्या घरी वायरिंग करायला आलेल्या माणसाला ४० टक्के वायरिंग येतं. त्याला काम द्याल? नाही ना? मग ४० टक्के येणाऱ्याला आपण पुढच्या वर्गात कसे पाठवतो? आणि गंमत अशी की कोणते ४० टक्के येतात आणि कोणते ६० येत नाहीत, हे मार्कशीट सांगतच नाही. दोघांना ६०-६० मार्क पडले, तरी एकाला येतं ते दुसऱ्याला येत नसेल. कागदावर मात्र दोघं सारखे.

आता आपल्या मोहल्ल्यातलं गॅरेज आठवा. नवा शागिर्द येतो तेव्हा उस्ताद त्याला आधी पाने ओळखायला लावतो. मग पंक्चर, मग ब्रेक, मग इंजिन. ब्रेक नीट बसवता आला नाही, तोवर इंजिनला हात लावू देत नाही. कोणाला सहा महिने लागतात, कोणाला दोन वर्षं. हिफ्ज करणाऱ्या मुलांचंही तसंच. कालचा सबक पक्का ऐकवल्याशिवाय पुढचा मिळत नाही, आणि मागचं पुन्हा पुन्हा ऐकवावं लागतं.

मी जुन्या पद्धतीचे गोडवे गात नाहीये. गॅरेजात ‘असं का?’ विचारलं तर बऱ्याचदा टपली बसते, आणि पाठ होणं म्हणजे समजणं नव्हे. पण दोन्हीकडे एक नियम आहे, तो लक्षात ठेवा: वेळ कमी-जास्त होईल, पक्केपणा कमी-जास्त होणार नाही. कॉलेजात नेमकं उलटं चालतं. वेळ सगळ्यांना सारखा, सहा महिन्यांचं सेमिस्टर. पक्केपणा ज्याच्या त्याच्या नशिबावर.

हे उलटं कसं झालं, त्याचा इतिहास मजेशीर आहे. अमेरिकेत १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीनं कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावी म्हणून १ कोटी डॉलर दिले. पण कॉलेज कशाला म्हणायचं, हे कुठे ठरलेलं होतं? मग कार्नेगी फाउंडेशननं मोजमाप ठरवलं: विद्यार्थ्यानं शाळेत एका विषयाचे साधारण १२० तास केले की एक युनिट, आणि अशी १४ युनिटं झालेल्यांनाच प्रवेश देणारं ते कॉलेज. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी ते स्वीकारलं, आणि पुढे कॉलेजातला अभ्यासही तासांत मोजला जाऊ लागला. म्हणजे तास मोजणं सुरू झालं ते शिक्षकांच्या पेन्शनपायी. मूल किती शिकलं हे त्या मोजमापाला कधी विचारलंच नव्हतं. आपल्याकडची क्रेडिटही त्याच घराण्यातली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांचं शिकणं म्हणजे एक क्रेडिट, असा हिशेब आहे.

या तासांच्या हिशेबाला मोठा धक्का दिला बेंजामिन ब्लूम या शिकागोच्या शिक्षणतज्ज्ञानं. १९६८ मध्ये त्यानं मांडलं की पुरेसा वेळ आणि नेमकी मदत मिळाली, तर बहुतेक विद्यार्थी विषयावर प्रभुत्व मिळवू शकतात. हुशार आणि ढ यांत आपण जो फरक म्हणतो, त्यातला बराचसा वेळेचा आणि मदतीचा असतो. त्याचा उपाय साधा होता. विषयाचे छोटे भाग करा. प्रत्येक भागानंतर चाचणी घ्या, पण मार्कांसाठी नव्हे, कुठे अडलं ते कळण्यासाठी. जिथं अडलं तिथं वेगळ्या पद्धतीनं पुन्हा शिकवा, पुन्हा तपासा, मग पुढे जा.

मला हे वाचून नवल वाटलं नाही, कारण आमचं रोजचं काम असंच चालतं. मी कोड लिहिला की सहकारी तो तपासतो. तो मला ६५ मार्क देत नाही. तो लिहितो, ‘इथं रिकामी यादी आली तर प्रोग्राम बंद पडेल, दुरुस्त कर.’ मी दुरुस्त करून परत पाठवते, तो पुन्हा पाहतो. पंधरा वर्षं काम केलेल्यांचाही कोड परत येतो, त्यात कोणाला लाज वाटत नाही. कॉलेजात मात्र पहिल्या सेमिस्टरला पॉइंटर समजला नाही, तर ती चूक ५२ मार्क बनून गोठून जाते. दुसऱ्या सेमिस्टरला त्याच्यावर डेटा स्ट्रक्चर उभं राहतं, तिसऱ्याला आणखी काही. पायातली वीट निखळलेली, आणि वर मजले चढताहेत.

ब्लूमचा विचार एका विषयापुरता होता. आख्खं कॉलेज त्या अंगानं बदललं ते अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात. अल्व्हर्नो कॉलेज हे कॅथलिक सिस्टर्सनी उभारलेलं मुलींचं छोटं कॉलेज. १९७३ मध्ये त्यांनी मार्क आणि ग्रेड काढून टाकले. प्राध्यापक मंडळींनी बसून ठरवलं की आपल्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला, तिचा विषय कोणताही असो, आठ गोष्टी आल्याच पाहिजेत. संवाद, विश्लेषण, प्रश्न सोडवणं, मूल्यांचा विचार करून निर्णय घेणं, इतरांसोबत काम करणं, जगाकडे व्यापक नजरेनं पाहणं, नागरिक म्हणून परिणामकारक भूमिका घेणं आणि कलेचा आस्वाद. प्रत्येक क्षमतेच्या पायऱ्या लिहून काढल्या. मुलींना आधीच सांगितलं की तुम्हाला काय करून दाखवायचं आहे आणि ते चांगलं झालं हे आम्ही कशावरून ठरवू. मुलीनं आधी स्वतःचं काम स्वतः तपासायचं, मग शिक्षकांचा लेखी अभिप्राय.

या यादीत ‘नागरिक’ आहे, ‘मूल्यं’ आहेत, हे विसरू नका. आपल्याकडे क्षमता म्हटलं की लोकांना फक्त नोकरी दिसते. तिकडे वकील, नर्स, शिक्षिका होणाऱ्या मुलीला सार्वजनिक प्रश्नावर भूमिका घेता येते का, हेही पदवीसाठी पाहिलं जात होतं.

दुसरं उदाहरण वेगळ्या धाटणीचं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी स्थापन केली. ऑनलाइन, आणि पूर्णपणे क्षमतेवर चालणारी. फी सहा महिन्यांची एकरकमी. तेवढ्या वेळात तुम्ही जितके विषय पक्के करून दाखवाल तितके तुमचे. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या मोठ्या वयाच्या माणसांना ते सोयीचं पडलं. ज्याला एखादा विषय कामातून आधीच येतो, त्यानं चाचणी द्यावी आणि पुढे जावं. पण २०१७ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी आक्षेप घेतला की इथं शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात पुरेसा, नियमित संवादच नाही, तेव्हा सरकारी मदतीचे ७१ कोटींहून जास्त डॉलर परत करा. २०१९ मध्ये खात्यानं ते पैसे मागायचे नाहीत असं ठरवलं. पण त्या वादातला प्रश्न खरा होता. विद्यार्थ्याला आपल्या गतीनं जाऊ द्या म्हणता म्हणता, त्याला एकट्यालाच सोडून दिलं तर? गॅरेजातून उस्ताद काढून घेतला आणि भिंतीवर पान्यांची यादी लावली, तर कोणी मिस्त्री होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. इंजिनिअरिंगमध्ये हे वारं ‘वॉशिंग्टन करारा’मुळे आलं. १९८९ मध्ये सहा देशांच्या संस्थांनी ठरवलं की एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्यांना मान्यता द्यायची. तुमच्याकडचा पदवीधर आणि आमच्याकडचा सारखाच, हे कशावरून ठरवायचं? तर पदवीधराला काय करता यायला हवं, यावरून. भारत जून २०१४ मध्ये या कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यासाठी एनबीए या मान्यता देणाऱ्या संस्थेनं पदवीधराच्या १२ निष्पत्ती लावून घेतल्या. गणित-विज्ञानाचा वापर आणि डिझाइन त्यात होतंच, पण नीतिमत्ता, पर्यावरण, संघात काम करणं, संवाद आणि आयुष्यभर शिकत राहणं हेही होतं. तुमच्या पुस्तिकेतला ‘पीओ’ तो हाच.

पुढे काय झालं, हे इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना सांगायला नको. बऱ्याच ठिकाणी त्याचा तक्ता झाला. प्रत्येक विषयाच्या निष्पत्तीसमोर १, २ किंवा ३ आकडा टाकायचा, मार्कांवरून सरासरी काढायची, फाइल तयार ठेवायची. तपासणी समिती यायच्या आधी शिक्षक रात्र रात्र जागून एक्सेल भरतात. परीक्षा तीच, ४० ला पास तेच, त्यावर नव्या शब्दांचा रंग. शिक्षकांना मी दोष देणार नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, बऱ्याच जागा तासिका तत्त्वावर, त्यात प्रत्येकाला पुन्हा शिकवून पुन्हा तपासायचं कधी? क्षमतेवर आधारलेलं शिक्षण स्वस्तात होत नाही. ते शिक्षक मागतं, वेळ मागतं, दुसरी संधी मागतं. हे तिन्ही न देता नुसता तक्ता दिला, तर ते कागदावरच राहतं.

वैद्यकीय शिक्षणात जरा पुढचं पाऊल पडलं. २०१९ च्या एमबीबीएस तुकडीपासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात प्रत्येक क्षमतेसमोर पायरी लिहिलेली असते. माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं, स्वतंत्रपणे करता येतं. या पायऱ्यांमागची कल्पना जॉर्ज मिलर या शिक्षणतज्ज्ञानं १९९० मध्ये मांडली होती. शिवाय वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे, म्हणजे वाईट बातमी रुग्णाच्या घरच्यांना कशी सांगायची हेही शिकायचं. सगळ्या कॉलेजांत हे नीट चालतं असं मी म्हणणार नाही. पण या चार पायऱ्या ध्यानात ठेवा, त्या तुमच्या कामाच्या आहेत. मी त्यांच्याकडे परत येते.

आता मला आपल्याबद्दल बोलायचं आहे. क्षमता या शब्दात आपल्यासाठी संधी आहे, तसा एक सापळाही आहे.

संधी कोणती? सच्चर समितीनं २००६ मध्ये सांगितलं की देशातल्या नामवंत कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे १ मुस्लिम आहे आणि पदव्युत्तरला ५० मागे १. म्हणजे मोठ्या कॉलेजचं नाव आपल्यातल्या बहुतेकांच्या कागदावर नाही. मी आता मुलाखती घेणाऱ्या बाजूलाही बसते. निकष लिहून ठेवलेले नसले की मुलाखत घेणारा नकळत आपल्यासारखा माणूस शोधतो. इंग्रजीचा लहेजा, कॉलेजचं नाव, आडनाव, राहण्याचा भाग, सगळं त्यात हळूच शिरतं. काय तपासायचं ते आधी लिहून ठेवलं, प्रत्येकाला तेच काम करायला दिलं आणि कामच पाहिलं, की या गोष्टींना जागा कमी उरते. ती पूर्ण संपत नाही, पण कमी होते. आणि ‘या उमेदवाराला का नाकारलं?’ असं विचारल्यावर ‘जमेल असं वाटलं नाही’ एवढं उत्तर पुरत नाही. म्हणून उघड्यावर मांडलेले निकष ही ओळख नसलेल्या माणसाची ताकद आहे.

आणि सापळा? तो आपल्या घरातूनच सुरू होतो. ‘हातात हुनर आहे, मग कॉलेज कशाला?’ मुलगी असेल तर शिवणक्लास, मुलगा असेल तर चुलत्याचं दुकान. बाहेरूनही तोच सूर येतो. गरिबांच्या मुलांसाठी तीन महिन्यांचा कौशल्य कोर्स आणि सर्टिफिकेट, इतरांसाठी डिग्री. क्षमतेच्या नावानं आपल्याला डिग्रीच्या रांगेतून कोणी बाजूला काढत असेल, तर सावध व्हा. मी सांगितलेली उदाहरणं आठवा. मिलवॉकीच्या मुली, डॉक्टर, इंजिनिअर. हा विचार उच्च शिक्षणात आला तो डिग्री खरी व्हावी म्हणून. डिग्रीऐवजी काहीतरी हातावर ठेवावं म्हणून नव्हे. आपल्याला हुनर हवा आणि डिग्रीही हवी.

जे आधीच कामाला लागलेत त्यांच्यासाठीही वाट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे हातानं शिकलेलं एक वर्ष व्यवस्था मान्य करते. ही शिडी आपल्या मोहल्ल्यात फार थोड्यांना माहीत असते. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर आज घरी गेल्यावर त्याला सांगा.

मग कॉलेजातल्यांनी काय करायचं?

अभ्यासक्रमाचं ते पान काढा. प्रत्येक विषयाखाली लिहिलेलं असतं, ‘हा विषय पूर्ण केल्यावर विद्यार्थी अमुक करू शकेल.’ त्या प्रत्येक वाक्याला प्रश्न करा, ‘मला हे करता येतं का?’ आणि समोर त्या चार पायऱ्यांपैकी एक लिहा. प्रामाणिकपणे लिहा, ही वही कोणी तपासणार नाही. बहुतेक ठिकाणी आपण ‘माहीत आहे’वर अडकलेलो असतो. तिथून ‘करून दाखवता येतं’पर्यंत जायला काय लागेल, ते पुढच्या महिन्याचं काम.

मग पुरावा जमवा. इंजिनिअरिंगवाल्यानं चालणारा प्रोग्राम. कॉमर्सच्या मुलीनं एखाद्या खऱ्या दुकानाचा वर्षाचा हिशेब मांडून. इतिहासाच्या मुलानं एकाच घटनेच्या दोन बातम्या शेजारी ठेवून, कोण काय गाळतंय ते दाखवून. उर्दू-मराठी दोन्ही येतं? मग दोन पानांचा चांगला अनुवाद. खाली तारीख घाला. वर्षभरानं तेच काम पुन्हा करा आणि दोन्ही समोरासमोर ठेवा. आपण किती पुढे आलो हे मार्कशीटपेक्षा तिथं जास्त स्पष्ट दिसतं.

आणि अभिप्राय मागा. सरांकडे, मॅडमकडे जाऊन ‘मार्क वाढवा’ म्हणू नका. ‘कुठे चुकलं ते सांगा, मी पुन्हा करून आणते’ असं म्हणा. कितीही दमलेला शिक्षक या वाक्यावर मान वर करतो. उत्तरपत्रिका पाहणं हा तुमचा हक्क आहे. परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. तो हक्क भांडणासाठी वापरायलाच हवा असं नाही, शिकण्यासाठी वापरा.

हे एकट्यानं करणं कंटाळवाणं होतं. चार-पाच जण मिळून आठवड्यातून एकदा बसा. अभ्यासिकेत, कोणाच्या घरी, कुठेही. नियम एकच: ‘मला येतं’ म्हणायचं नाही, करून दाखवायचं. बाकीच्यांनी हसायचं नाही, काय अडलं ते सांगायचं. मुलींना बाहेर थांबायला वेळ मिळत नसेल तर वेळ त्यांच्या सोयीची ठेवा, मुलांची नाही.

आपल्याकडे पाहुणे आले की पहिला प्रश्न असतो, ‘कितवीला आहेस?’ तो प्रश्न वर्षं मोजतो. त्याचं उत्तर जरूर द्या. पण त्याला एक वाक्य जोडायची सवय लावा: ‘आणि मला हे करता येतं, दाखवू का?’ तुमच्या कॉलेजलाही हाच प्रश्न विचारायला शिका. आम्ही चार वर्षं इथं बसलो, आता आम्हाला काय करता यायला हवं, आणि ते येईपर्यंत तुम्ही आमच्यासाठी काय करणार?

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.